हसनाबादची म्हैस

कातडं भिजवायचं पाणीसुद्धा गाळून घेणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. मोठं पितळी पातेलं, त्याच्या तोंडावर दुहेरी बांधलेलं पांढरं फडकं, आणि त्यातून हे गृहस्थ तांब्या-तांब्यानं पाणी ओतायचे. पातेलं भरलं की फडकं पिळायचं नाही. ते अलगद सोडून हौदावर उलटं धरायचं आणि वरून थोडं पाणी सोडायचं, म्हणजे फडक्यात अडकलेले बारीक जीव पुन्हा पाण्यात जातात. एवढा सगळा सोपस्कार झाला की त्या गाळलेल्या पाण्यात म्हशीच्या कातड्याचा तुकडा बुडवायचा.

मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आवरेना. "काकाजी, पाण्यातल्या किड्यांची एवढी काळजी, आणि म्हशीचं काय?" असं मी विचारलं. नव्या भाडेकरूनं घरमालकाला विचारायचा हा प्रश्न नव्हता, पण माझी जीभ पहिल्यापासून अशीच आहे.

"म्हशीचं बी सांगतो, पाटील. बसा आधी," ते म्हणाले.

माझं आडनाव पाटील नाही. पण जुन्या जालन्यातल्या मारवाडी व्यापाऱ्यांच्या लेखी खेड्यातून आलेला प्रत्येक मराठा पाटीलच असतो. त्यात मान राहतो आणि नाव लक्षात ठेवायचा त्रासही वाचतो. मी भोकरदन तालुक्यातल्या धावड्याचा. एका बियाण्याच्या कंपनीत फिरतीची नोकरी करत होतो आणि काकाजींच्या बारदानाच्या, म्हणजे रिकाम्या पोत्यांच्या, गोदामावरच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. तिशी उलटली होती, लग्न जमत नव्हतं. सुटीच्या दिवशी खोलीत बसून भिंती बघण्यापेक्षा खाली जाऊन म्हाताऱ्याचं कातडं बघितलेलं बरं, एवढ्याच विचारानं मी त्या गोदामात बसू लागलो. पुढं आठ वर्षं बसलो.

जैन माणूस आणि कातड्याचा नाद, हे गणित जालन्यात कुणालाच सुटत नव्हतं. त्यांच्या घरात कातडी पट्टा नाही, पाकीट नाही, चप्पलसुद्धा रबराची. मुंगीला वाट करून देणारं घर. पण त्या घरात वडिलांच्या वेळचं एक परवान्याचं रिव्हॉल्व्हर होतं. वडील आठवडी बाजारांतून रोकड घेऊन फिरायचे, त्या काळातलं. वडिलांमागं परवाना काकाजींच्या नावावर झाला. काडतुसं त्यांनी पहिल्याच आठवड्यात पोलीस ठाण्यात नेऊन दिली आणि रिकामं रिव्हॉल्व्हर तेवढं वडिलांची आठवण म्हणून ठेवलं. निवडणूक लागली की परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा करावी लागतात. काकाजी ते धुतल्या धोतरात गुंडाळून घेऊन जायचे आणि हवालदाराला बजावून सांगायचे, "ह्याला कोरड्या जागी ठेवा, बरं का. ओल सोसत न्हाई ह्याला." हवालदार हसायचे.

त्या रिव्हॉल्व्हरचं कातडी कव्हर, म्हणजे होल्स्टर, एकदा उलून फाटलं. ते शिवून घ्यायला काकाजी मंडईच्या कोपऱ्यावर बसणाऱ्या एका म्हाताऱ्या चर्मकाराकडे गेले. काम अर्ध्या तासाचं होतं. काकाजी दिवस मावळेपर्यंत तिथंच बसून राहिले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. मग रोजच जाऊ लागले, रापीनं कातडं कापायला शिकले, आरीनं भोकं पाडायला शिकले, आणि गुरुपौर्णिमेला भर मंडईत त्या म्हाताऱ्याच्या पायावर डोकं ठेवलं. त्या म्हाताऱ्याला ते उस्ताद म्हणायचे. बाजारात पंधरा दिवस दुसरा विषय नव्हता. मुलानं बारदानाचा धंदा हातात घेऊन टाकला आणि बाप कामातून गेला असं समजून चालू लागला.

काकीजी मात्र तेवढ्यावर थांबल्या नाहीत. त्यांनी नवऱ्याला स्वयंपाकघर बंद केलं. मागच्या गोदामातून आलं की आधी अंघोळ, आणि मग बाहेरच्या ओट्यावर वेगळ्या ताटात जेवण. मी एकदा तिथंच उभा असताना त्या ताट ठेवताना म्हणाल्या, "म्हशीचं करायचं तर म्हशीसारखं बाहेरच खायचं." काकाजी खाली मान घालून जेवत राहिले. मला वाटलं आता काहीतरी उत्तर देतील. ते म्हणाले, "कढी छान झाली." गेली चार वर्षं ते असेच ओट्यावर जेवत होते, हे मला नंतर कळलं.

म्हशीचं जे त्यांनी मला सांगितलं ते असं. त्यांनी जैन साधू-महाराजांपुढं एक नियम घेतला होता: आपोआप मेलेल्या जनावराचंच कातडं वापरायचं. कापलेल्याचं नाही. मारलेल्याचं नाही. "मेल्यावर ते जमिनीत सडणारच होतं. मी फक्त त्याला थोडं जास्त दिवस वापरून राह्यलो. ह्यात पाप किती, ते महाराजांनी सांगितलं न्हाई. पण मारलेल्या जनावराला मी हात लावला तर मंग माझं सगळंच गेलं," ते म्हणाले. ज्या कामापायी बायकोनं घराबाहेर बसवलं होतं, ते सगळं काम या एका नियमावर उभं होतं. नियम मोडला असता तर काकीजी बरोबर ठरल्या असत्या.

उस्तादांच्या वेळी ते सोपं होतं. त्यांची सोयरीक खेडोपाडी होती. जनावर मेलं की कातडं तिथंच निघायचं, बाभळीच्या सालीत कमावलं जायचं आणि जालन्याला यायचं. काकाजी त्या कातड्यावर आधी तळहात ठेवायचे, डोळे मिटून नवकार मंत्र म्हणायचे आणि मग विचारायचे, "कुठली होती? कशानं गेली?" उस्ताद सांगायचे, "बदनापूरकडची. व्याली अन् उठलीच न्हाई." मग काकाजी रापी हातात घ्यायचे. त्याचा पट्टा किंवा होल्स्टर ज्याला मिळायचं त्याला म्हशीची ही हकिगत ऐकून घ्यावीच लागायची. काकाजी पट्टे विकत नसत. आवडलेल्या माणसाला देत, आणि देताना म्हशीची ओळख करून देत.

मला त्यांनी शिकवलं ते मात्र कसलीही घाई न करता. पहिलं वर्षभर मी फक्त टाकाऊ पट्ट्यांना भोकं पाडली. "कापड उसवता येतं, पाटील. कातड्याला पडलेलं भोक बुजत न्हाई. हात थरथरत असला तर आज नका पाडू." एका दोऱ्याला दोन सुया लावून शिवायचं, दोन्ही सुया एकाच भोकातून समोरासमोर यायच्या. "एक सासरची, एक माहेरची. दोघींनी एकमेकीला वाट दिली तर घर टिकतं," ते म्हणायचे आणि मग ओट्याकडे बघायचे. कमरेचं माप जेवण झाल्यावरच घ्यायचं. पट्ट्याला भोकं पाच, आणि माणूस मधल्या भोकावर बसला पाहिजे, कारण माणसाचे दिवस दोन्हीकडे जातात. सूर्य मावळला की काम बंद, कारण दिव्यावर किडे येतात. आणि चातुर्मासात कातडं भिजवायचं नाही. ओल्या कातड्यावर बुरशी धरते आणि त्यात जीव होतात. होल्स्टर भिजवूनच घडवायचं, त्यामुळे ते काम दिवाळीनंतर. पावसाळ्यात नुसते कोरडे पट्टे, त्यांच्या कडा घासायच्या आणि मेण लावायचं.

असं हे सगळं. वेडपटपणा म्हणा. पण मी दिवसभर शेतकऱ्यांना "शंभर टक्के उगवण, बिलकुल चिंता करू नका" असं छातीठोक सांगत फिरायचो, स्वतःलाच त्यातलं अर्धं पटत नसताना. संध्याकाळच्या उन्हात त्या गोदामात बसलं की तासभर तरी खरं काहीतरी हातात असायचं. मला ते हवं होतं.

मी आल्यानंतर दोन वर्षांनी उस्ताद वारले. त्यांच्याबरोबर कातडंही संपलं. खेड्यात ते काम करणारी पोरं शिकून शहरात गेली होती, आणि चांगलंच झालं. पिढ्यान्पिढ्या ते काम करणाऱ्यांना गावानं काय दिलं ते मी धावड्यात पाहिलेलं आहे. आता जनावर मेलं की लोक जेसीबी बोलावतात आणि खड्ड्यात ढकलतात. काकाजी सहा महिने रिकामे बसले. रोज सकाळी गोदामात जायचे, हत्यारं पुसायचे, रापीला धार लावायचे, परत ठेवायचे. धार लावून लावून एक रापी बोटभर उरली. मुलगा एकदा माझ्यासमोर म्हणाला, "बघा, आता आपोआप सुटंल हे येड."

मी कामासाठी दर महिन्याला संभाजीनगरला जायचो. "तिकडं बघतो," मी म्हणालो. तिथं एका गल्लीत कातड्याचा एक व्यापारी होता. त्याला मी विचारलं, आपोआप मेलेल्या जनावराचं कातडं मिळेल का? तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "भाई, असं कुठं मिळतं आता? हे सगळं कटाईचं आहे. पसंत असलं तर घ्या, न्हाई तर राह्यलं." कातडं सुरेख होतं. सरळ, जाड, एकसारखं. मी हात फिरवला. दया आली म्हणून घेतलं असं मी पुढं बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. दया होतीच. पण माझ्याही हाताला सहा महिन्यांची खाज होती, आणि ती दयेपेक्षा मोठी होती.

जालन्यात काकाजींनी गुंडाळी उलगडली, तळहात ठेवला, नवकार म्हटला आणि विचारलं, "कुठली होती?"

दोनच दिवसांपूर्वी मी बियाण्याच्या कामानं हसनाबादला गेलो होतो. तोंडाला तेच आलं. "हसनाबादची."

"कशानं गेली?"

"साप चावला."

"वेतं किती झाली होती?"

"सात," मी म्हणालो.

"मंग लई दूध दिलं असंल तिनं," काकाजी म्हणाले आणि कातड्यावरून पुन्हा एकदा हात फिरवला. मला वाटलं, संपलं. एकदा बोललो, झालं.

खोट्याचं असं असतं की पहिलं बोलायला धाडस लागतं आणि दुसऱ्याला नुसती सवय. मी म्हशी आणत राहिलो. धावड्याची, विहिरीत पडलेली. परतूरची, नुसती म्हातारी होऊन गेलेली. घनसावंगीकडच्या दोघी, एकाच झाडाखाली वीज पडून. संभाजीनगरहून येताना बसमध्ये बसल्या बसल्या मी पुढच्या म्हशीचं मरण ठरवायचो, आणि सांगायला लाज वाटते, पण मला त्यात मजा येऊ लागली होती. एकीच्या मालकिणीला मी रडवलंसुद्धा. काकाजींच्या डोळ्यात पाणी आलं. त्या वेळी तरी माझ्या मनाला काही वाटायला हवं होतं. मी मनात म्हणालो, ही गोष्ट चांगली जमली.

शहागडची गोष्ट सांगतो, म्हणजे हा माणूस कसा होता ते कळेल. होल्स्टरचा कागदी साचा कातड्यावर कुठल्या बाजूनं ठेवायचा याला फार महत्त्व असतं. माझ्या पहिल्या होल्स्टरला मी तो पालथा ठेवला. कापलं, भिजवलं, आत लाकडी रिव्हॉल्व्हर घालून बोटांनी दाबून दाबून आकार दिला, दोन दिवस सावलीत वाळवलं, शिवलं. कमरेला लावून बघतो तर मूठ उलट्या बाजूला. डावखुऱ्या माणसाचं होल्स्टर झालं होतं. मी ते कोपऱ्यात भिरकावलं.

काकाजींनी उचलून आणलं. "म्हैस काय दोनदा मरती का? माणूस शोधू."

आणि त्यांनी खरंच शोधला. परवानाधारक, डावखुरा आणि त्याच मापाचं रिव्हॉल्व्हर असलेला. जिल्ह्यात येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ते विचारत सुटले. दोन महिन्यांनी पत्ता लागला: शहागडला गोदेच्या काठी वाळूचा एक ठेकेदार. काकाजी माझ्या मोटरसायकलवर मागं बसून, तोंडाला रुमाल बांधून, हायवेच्या ट्रकांतून तिथपर्यंत आले. ठेकेदारानं कौतुकानं होल्स्टर घेतलं, रिव्हॉल्व्हर आत सरकवलं आणि झटकन बाहेर काढायला गेला. निघेना. काकाजींची सगळी होल्स्टरं घट्ट असायची, आणि वरून एक सोडून दोन पट्टे.

"शेटजी, हे तर अडकून राह्यलं! वेळेला निघालं न्हाई तर?"

"न्हाई निघालं तर बरंच की," काकाजी शांतपणे म्हणाले. "दोन पट्टे सोडायला जेवढा टाइम लागतो ना, तेवढ्यात निम्मा राग उतरतो. मी बंदूक आत ठेवायची वस्तू बनवतो. बाहेर काढायची पाहिजे असंल तर दुसरीकडून घ्या."

ठेकेदार पोट धरून हसला आणि होल्स्टर ठेवून घेतलं. मग काकाजींनी त्याला जवळ बसवून सांगितलं, "ही हसनाबादची म्हैस आहे. सात वेतं झालेली. साप चावून गेल्ती." तो दणकट, मिशीवाला गडी एकदम गंभीर झाला आणि त्यानं होल्स्टर कपाळाला लावलं. मी गोदेच्या पुलाकडे बघत उभा राहिलो. मजा येणं त्या दिवशी थांबलं.

भाद्रपदात जैनांचं पर्युषण असतं आणि त्याच्या शेवटी संवत्सरी. त्या दिवशी वर्षभरात झालेल्या चुकांची एकमेकांकडे क्षमा मागायची. काकाजी उपास सोडला की लगेच, आधी घरच्यांकडे, मग शेजाऱ्यांकडे आणि मग जिना चढून माझ्याकडे यायचे. हात जोडून म्हणायचे, "कळत-नकळत मन दुखावलं असंल तर खमत खामणा." मीही हात जोडून तेच म्हणायचो. पहिल्या दोन वर्षी दिवाळीच्या शुभेच्छा दिल्यासारखं म्हटलं. म्हशी आणायला लागल्यापासून जिन्यावर त्यांची पावलं वाजली की मला घाम फुटायचा. दर वर्षी ठरवायचो, यंदा सांगून टाकू. दर वर्षी ते हात जोडायचे, मी हात जोडायचो, आणि ते खाली उतरून जायचे. अशा पाच संवत्सऱ्या गेल्या.

सहाव्या वेळी ते जिना चढून आले तेव्हा दम लागला होता. सत्तरी उलटली होती आणि आठ दिवसांचा उपास झाला होता. मी खुर्ची दिली. ते बसले नाहीत.

"यंदा नुसतं कळत-नकळत म्हणून भागायचं न्हाई," ते म्हणाले. "एक गोष्ट नाव घेऊन सांगायची आहे. दोन वेळा माझ्या मनात तुमच्याबद्दल वाईट आलं."

"काय झालं, काकाजी?"

"म्हाताऱ्या म्हशीच्या कातड्यावर गोचिडाचे डाग असतात, शिंगाचे ओरखडे असतात. उस्तादांनी आणलेल्यावर असायचे. तुम्ही आणलेलं एकदम साफ असायचं. दोनदा माझ्या मनात आलं, पाटील आपल्याला फसवून तर न्हाई राह्यले? तुम्ही माझ्यासाठी एवढ्या लांबून कातडं आणता आणि मी मनात असा विचार केला. त्याची माफी मागायला आलो. खमत खामणा."

आणि त्यांनी वाकून हात जोडले. माझ्यापेक्षा दुपटीनं मोठा माणूस. त्यांच्या बोटांवर आरी टोचल्याचे जुने व्रण होते.

मी सांगून टाकलं. सगळं नाही सांगता आलं, एवढंच म्हणालो, "काकाजी, तुमचा संशय बरोबर होता. ते कटाईचं होतं."

त्यांनी जोडलेले हात खाली घेतले. मग एकेक करून विचारू लागले.

"हसनाबादची?"

"न्हाई."

"धावड्याची? विहिरीत पडलेली?"

"न्हाई, काकाजी."

"परतूरची म्हातारी?"

"ती पण न्हाई."

"विजेनं गेलेल्या दोघी?"

मी मान हलवली. त्यांना सगळ्या पाठ होत्या. मी स्वतः विसरलेल्याही त्यांना माहीत होत्या. गाव, वय, मरण, सगळं. एक चितकबरी होती, तिचं वासरू मागं राहिलेलं. ती मी कधी जन्माला घातली ते मला आठवेना. प्रत्येकीला मी न्हाई म्हणालो. शेवटी त्यांनी विचारलं, "उस्तादांच्या वेळच्या?"

"त्या खऱ्या असतील. ते मला माहीत न्हाई."

त्यांनी मान डोलावली. मग पुन्हा हात जोडले, "खमत खामणा," म्हणाले, आणि भिंतीला धरून जिना उतरले. मी दार लावलं आणि पडलो. लाज वाटते, पण त्या दुपारी मला अशी गाढ झोप लागली की अंधार पडेपर्यंत जाग आली नाही. पाच वर्षांचं ओझं उतरलं होतं. ते कुणाच्या खांद्यावर गेलं, याचा विचार मी उठल्यावरही केला नाही.

दुसऱ्या दिवशी गोदामाला कुलूप होतं. काकाजींनी घरच्या फोनवरून एकेका माणसाला फोन लावायला सुरुवात केली होती. ज्याला ज्याला पट्टा दिला, होल्स्टर दिलं, त्याला सांगायचे, "तुम्हाला मी सांगितलं होतं ते खोटं निघालं. ती मारलेली म्हैस होती. मला माफ करा." लोकांना काही कळेना. कुणी हसलं, कुणी तब्येत विचारली. शहागडच्या ठेकेदाराचा आवाज फोनमधून बाहेर ऐकू आला: "शेटजी, म्हैस कुठली का असंना, माल फर्स्ट क्लास आहे!" काकाजींनी फोन ठेवला आणि पुढचा लावला. माझं नाव त्यांनी एकाही माणसाला सांगितलं नाही.

काकीजींनी त्यांना घरात घेतलं. आता ते स्वयंपाकघरात पाटावर जेवायचे, गरम फुलका तव्यावरून थेट ताटात यायचा. महिनाभरानं मी खाली पाणी भरत असताना काकीजी माझ्याजवळ आल्या. हे माझ्यामुळं झालं ते त्यांना कळलं होतं का, मला माहीत नाही. त्या म्हणाल्या, "पाटील, इतकी वर्षं मी म्हणून राह्यले, सोडा ते अन् आत या. आता आत आले तर नुसते बसून असतात. अर्धा फुलका खातात अन् उठतात. तुम्ही काहीतरी काम सांगा न त्यांना." मी हो म्हणालो. कुठलं काम सांगणार होतो?

थंडीतल्या एका सकाळी काकाजी स्वतःच वर आले. संवत्सरीनंतर पहिल्यांदा. "गाडी काढा," ते म्हणाले. "गवळ्याकडं जायचंय."

गावाबाहेर एका गवळ्याचा गोठा होता. चौदा म्हशी दावणीला बांधलेल्या होत्या, धारा होऊन गेल्या होत्या, शेणामुताचा वास गरम वर येत होता. काकाजींनी चपला बाहेर काढल्या आणि अनवाणी आत गेले. पहिल्या म्हशीसमोर उभं राहून त्यांनी हात जोडले. "खमत खामणा," म्हणाले. म्हशीनं एकदा बघितलं आणि वैरणीत तोंड घातलं. ते थोडे थांबले. मग दुसरीपुढं गेले. गवळी बादली हातात धरून बघत राहिला. "शेटजी, ह्या इकायच्या न्हाईत बरं का," तो म्हणाला. मी त्याला हातानं गप्प राहायला सांगितलं. चौदाच्या चौदा म्हशींपुढं ते उभे राहिले, प्रत्येकीपुढं तेवढाच वेळ. शेवटी शेवटी मी दंडाला धरायला गेलो तर त्यांनी हात सोडवून घेतला.

मी बाहेर येऊन त्यांच्या चपला त्यांच्या पायांजवळ ठेवल्या. मला राहवलं नाही. "काकाजी, मला माफ केलं ना तुम्ही?"

"संवत्सरीला म्हटलं न्हाई का?"

"ते तोंडानं झालं. मनानं?"

त्यांनी एक चप्पल पायात घातली. दुसरी घालायला त्यांना वेळ लागला. माझ्याकडे न बघता म्हणाले, "करून राह्यलो, पाटील. रोज सकाळी उठून करून राह्यलो. अजून होत न्हाई."

माघात ते गेले. तोवर ते रोज सकाळी अंगणात उन्हाला बसायचे. मी कामावर निघताना समोरूनच जायचो, नमस्कार करायचो, तेही हात वर करायचे. झालं का, हे विचारायची मला एकदाही हिंमत झाली नाही, आणि आता सांगायला कोणी नाही.